आपल्याच माणसांना सुनावायचं असेल तर? केजच्या एका दुकानदाराला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे, तिशीतले एक गृहस्थ विचारतात: “आरक्षणाच्या वादावरून गावात दोन तट पडलेत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्याच समाजाची पोरं ‘त्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, त्यांच्या गाडीत बसू नका’ असे मेसेज टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. फेसबुकवर नावानिशी लिहावं असं फार वाटतं. घरचे म्हणतात, तू कशाला मधी पडतोस. धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याचं नुकसान होईल म्हणतात. ताई, लिहू का नको?”

मी अंबाजोगाईला फौजदारी वकिली करते. पोस्ट, स्टेटस, रील, ऑडिओ क्लिप यांच्यावरून दाखल झालेली प्रकरणं गेली काही वर्षं माझ्याकडे सतत येत आहेत. कधी आरोपीच्या बाजूनं उभी राहते, कधी फिर्यादीच्या. त्या अनुभवावरून तुम्हाला सरळ सांगते: लिहा. पण फेसबुकवर नको, निदान आधी नको. जिथं ते मेसेज फिरतात त्याच ग्रुपवर लिहा, आपल्याच माणसांना उद्देशून लिहा, आणि समोरच्या समाजाबद्दल बरं-वाईट एकही वाक्य लिहू नका.

‘मत मांडावं का गप्प बसावं’ असा प्रश्न माझ्यापुढे येतो तेव्हा मी आधी एकच विचारते, हे मत कुणाला उद्देशून आहे? माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत मत दुसऱ्या समाजाला उद्देशून असतं आणि ऐकणारे मात्र सगळे आपल्याच समाजाचे असतात. ते टाळ्या वाजवतात, अंगठे दाखवतात, ‘जबरदस्त दादा’ लिहितात. ज्याला सुनावलं त्याच्यापर्यंत ते पोचतं फक्त स्क्रीनशॉट होऊन, आणि तो स्क्रीनशॉट घेऊन तो ठाण्यात येतो. तुमची गोष्ट उलटी आहे. तुम्हाला आपल्याच लोकांना थांबवायचंय. असं लिहिणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, पण आज आपल्या जिल्ह्याला त्याचीच गरज आहे. म्हणून मी तुम्हाला गप्प बसा असं म्हणणार नाही.

घरच्यांची भीती मी हलकी समजत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांच्या घराला जमावानं आग लावली. निमित्त होतं फोनवरच्या बोलण्याची एक क्लिप. ती त्यांनी स्वतः कुठं टाकलेली नव्हती, ती फिरत गेली. त्याच दिवशी बीडमध्येही जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. आमदाराच्या घराची ही गत, तर मग गावच्या दुकानदाराची काय, असं तुमच्या आईला वाटलं तर त्यात चूक काय? पुढं २०२४ ची लोकसभा झाली, बीडची जागा साडेसहा हजार मतांनी इकडची तिकडं झाली आणि आडनाव पाहून किराणा घेण्यापर्यंत गोष्ट गेली. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीतून आडनावच काढून टाकायला लावलं. अशा जिल्ह्यात तुम्ही लिहिणार आहात, हे डोक्यात असू द्या.

पण सगळा दोष मोबाईलचा आहे असंही मी मानत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. तरीही खेड्याखेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या काळात सवर्ण घरांतून आलेले काही समाजवादी कार्यकर्ते नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्याशी भावकीनं बोलणं टाकलं, सोयरिकी अडल्या. आपल्याच माणसांना ‘हे चूक आहे’ सांगण्याची किंमत मराठवाड्यात कायमच मोजावी लागली आहे, आणि ती मोजणारी माणसंही इथं कायम निघाली आहेत.

आता कायद्याचं. इथं घरच्यांची भीती गरजेपेक्षा जास्त आहे, आणि जिथं असायला हवी तिथं कमी आहे.

पोस्टवरून गुन्हा दाखल होतो तो बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली. जुन्या भारतीय दंड संहितेचं १५३-अ तेच हे, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. दोन समाजांत तेढ निर्माण करणं हा त्याचा गाभा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सोबत कलम ३५३ लागतं, म्हणजे अफवा आणि चिथावणी. विषय धर्माचा असेल तर २९९. आकडे ऐकून घाबरायला होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं ही कलमं कशी वाचायची हे वेळोवेळी सांगितलं आहे. १९९७ मध्येच न्यायालय म्हणालं होतं की तेढ म्हणायला किमान दोन समाज हवेत. नुसत्या एका समाजाच्या भावना दुखावल्या एवढ्यानं १५३-अ बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० कलम रद्द झालं तो दिवस ‘काळा दिवस’ असं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं होतं. गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयानं दिलासा दिला नाही, पण मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं, निषेध करणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. मार्च २०२५ च्या, एका कवितेवरून दाखल झालेल्या इम्रान प्रतापगढी प्रकरणात न्यायालयानं पुन्हा सांगितलं की शब्द मोजायचे ते खंबीर, विवेकी माणसाच्या मापानं. ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो त्याच्या मापानं नाही. हे माप आपल्याकडचंच आहे. १९४७ च्या सुमारास नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते घालून दिलं.

प्रतापगढी निकालातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, गुन्हा नंतर. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ही चौकशी करणंच योग्य, असं न्यायालयाचं म्हणणं आहे. म्हणजे कुणी तुमच्याविरुद्ध अर्ज घेऊन ठाण्यात गेलंच तर तुमचा वकील लगेच या चौकशीची मागणी करू शकतो. अशा गुन्ह्यांत अटकही आपोआप होत नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस, अटक केलीच तर कारणं लेखी.

मग भीती कशाची बाळगायची? तीन गोष्टींची.

पहिली, ॲट्रॉसिटीची. अनुसूचित जाती-जमातींच्या कुणाबद्दल, त्यांच्या श्रद्धास्थानांबद्दल अपमानकारक लिहिलं तर या कायद्यात अटकपूर्व जामीन साधारणतः मिळत नाही. ‘ऑनलाइन होतं, समोरासमोर नव्हतं’ हा बचाव केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ऐकून घेतला नाही. तुमचा तसा हेतू नाही हे मला दिसतंय. पण पोस्टखाली तुमचे मित्र काय लिहितील याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. फेसबुकवर नको म्हणते ते मुख्यतः यासाठी. तिथं मूळ पोस्ट सभ्य असते आणि खालच्या कमेंटमध्ये गाव पेटतं.

दुसरी, दुसऱ्याचं लिखाण पुढं ढकलण्याची. मे २०२२ मध्ये एका अभिनेत्रीनं दुसऱ्याच्या नावावर असलेली कविता शेअर केली. राज्यात वीसहून अधिक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि सुटका व्हायला महिन्याहून जास्त काळ गेला. तमिळनाडूतल्या एका माजी आमदारानं ‘मी न वाचता फॉरवर्ड केलं’ असं म्हणून पाहिलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानंही ते मानलं नाही. माझ्याकडे ‘माझं नाही हो मॅडम, मला आलं ते मी टाकलं’ म्हणत येणारी पोरंच जास्त असतात. स्वतःचं वाक्य निदान माणूस विचार करून लिहितो. आलेलं पुढं टाकायला अंगठा हलवावा लागतो, बस्स.

तिसरी भीती कायद्याच्या पुस्तकात ठळक नसते, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त लोकांना तीच भोवते. शांतता भंग होऊ नये म्हणून आधीच बजावली जाणारी जुनी १०७ ची नोटीस, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा जणांची नावं घालून प्रस्ताव जातो, तहसीलदारांपुढं शांतता राखण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो, तारखांना दुकान बंद ठेवून जावं लागतं. यात शिक्षा नाही, दोष सिद्ध होणं नाही, पण सणवार आणि निवडणूक आली की तुमचं नाव पुन्हा वर येतं. तुम्ही भांडण मिटवायला लिहिलं असलं तरी यादी करणारा शिपाई ‘ग्रुपवर वाद घालणारे’ एवढंच पाहतो. म्हणून लिहायचं एकदाच. उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, असं करायचं नाही. तुम्ही एकदा लिहून थांबलात तर कागदोपत्री तुम्ही शांततेचं आवाहन करणारे राहता. पाचव्या उत्तराला तुम्ही भांडणातली एक बाजू होता.

ग्रुपचे ॲडमिन तुम्ही असाल तर तेही सांगते. सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात हात किंवा संगनमत दिसलं पाहिजे, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. पण बहिष्काराचा मेसेज पाहून ॲडमिननं अंगठा दाखवला तर तो निकाल कितपत वाचवेल याची खात्री कोण देणार? ॲडमिन असाल तर तो मेसेज काढा, आणि का काढला हे दोन ओळींत लिहा. न बोलता काढलात तर ‘दाबतोय’ म्हणतील.

आता तुमच्या धंद्याचं. हे कुठलं न्यायालय सांगणार नाही. लिहिण्याआधी उधारीची वही उघडा. कृषी केंद्राचा अर्धा जीव उधारीत असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांच्याकडे मोठी बाकी आहे त्यांतले काही जण तुमच्या पोस्टचं निमित्त करून ‘ह्याला कशाला पैसे द्यायचे’ म्हणतील. त्यांचा समाजाचा अभिमान खरा किती आणि बाकी बुडवायची संधी किती, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून मोठ्या बाकीवाल्यांच्या सह्या वहीत आहेत का बघा, बिलं तारखेनिशी लावून ठेवा. पेरणीच्या तोंडावर, बियाण्याची गर्दी असताना लिहू नका. त्या आठवड्यात दुकानासमोर वाद झाला तर वर्षाचा धंदा गेला. बंदच्या दिवशी, कुठल्या उपोषणाचा ताण वाढलेला असताना, निकालाच्या रात्रीही नको. आणि रात्री नऊनंतर तर कधीच नको. रात्री लिहिलेलं पोरं रात्रभर वाचत, चघळत बसतात आणि सकाळी पारावर येतात ती तापूनच. सकाळी लिहा, म्हणजे ज्याला राग येईल तो दुकानात येऊन तोंडावर बोलेल. तोंडावर बोललेला राग लवकर उतरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिहिण्याआधी दोन माणसांशी प्रत्यक्ष बोला. एक आपल्या समाजातला, ज्याचा शब्द पोरं मानतात. सरपंच नको, निवडणूक डोळ्यांपुढं असलेलं कुणीच नको. एखादे निवृत्त गुरुजी, भजनी मंडळातले काका, असं कुणीतरी. त्यांना मजकूर दाखवा आणि विचारा, ‘मी टाकल्यावर खाली तुम्ही दोन शब्द लिहाल का?’ नाही म्हणाले तर आणखी एकाला विचारा. कुणीच तयार नसेल तर थांबा. याला पळ काढणं म्हणू नका. पहिल्या तासात एकटं पडलेलं मत गावात दुसऱ्या दिवशी चेष्टेचा विषय होतं, आणि पुढच्या वेळी ते बोलायला कुणीच धजत नाही. दुसरा माणूस त्या दुकानदारांपैकी, ज्यांच्यावर बहिष्कार टाकायचं चाललंय. त्याला फक्त कल्पना द्या. तुमच्या लिहिण्यानं त्याच्या दारात गर्दी होणार असेल तर ते त्याला आधी कळायला हवं, आणि त्याला नको असेल तर तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या बाजूनं बोलणारे हे विचारायचं विसरतात आणि किंमत त्या दुसऱ्यालाच पडते. हे मी अनेक घरांत पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटलंय.

मजकूर असा काहीसा ठेवा: ‘मी या गावात दुकान चालवतो. माझ्याकडे सगळे येतात आणि सगळे येत राहावेत. कुणाच्या दुकानातून घ्यायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही, असे मेसेज आपल्या ग्रुपवर येतायत. मी ते पाळणार नाही. आरक्षणाबद्दल माझी जी बाजू आहे ती आहे, ती मी सोडलेली नाही. पण शेजाऱ्याचा धंदा बुडवून ते मिळणार नाही. यावर ज्याला बोलायचंय त्यानं दुकानात यावं, चहा माझ्याकडून.’ यात समाजाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही, महापुरुष नाही, इतिहास नाही, ‘काही लोक’ असं मोघम बोट नाही. ‘मी’ आहे आणि ‘आपला ग्रुप’ आहे. आरक्षणाचं वाक्य मुद्दाम घातलंय. ते नसेल तर पहिली कमेंट येईल ‘हा फितूर झाला’, आणि मग बहिष्काराचा मुद्दा बाजूला राहून तुम्ही किती पक्के यावर वाद चालेल. मात्र ते खरं असेल तरच लिहा.

मजकूर टाकल्यावर त्यात फेरफार करू नका. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत दुरुस्ती करता येते, साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतं, पण तोवर स्क्रीनशॉट निघालेले असतात आणि पुसलेल्या जागेत लोक आपल्या मनाचं भरतात. स्टेटसला तर हे ठेवूच नका. चोवीस तासांत जातं म्हणून लोक स्टेटसला हलकं समजतात. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते स्टेटसवरूनच.

गप्प बसणंच बरोबर असतं, असेही प्रसंग आहेत. एखाद्या घटनेला काही तासच झालेत आणि खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं गेलं, ते अशाच फिरत्या मेसेजच्या दिवसांत. कुणाचा खून झालाय, कुणाची विटंबना झालीय आणि ते कुटुंब अजून बोललेलं नाही, तेव्हाही. आणि तुम्ही सरकारी नोकरीत असाल तेव्हाचा हिशेबच वेगळा. जुलै २०२५ च्या शासन निर्णयानं राज्य सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना सरकारच्या धोरणांवर समाजमाध्यमांतून टीका करायला मनाई केली आहे. झेडपीचे शिक्षक मला विचारतात तेव्हा मी त्यांना संघटनेमार्फत बोला असं सांगते. मला तो निर्णय पटत नाही, नागरिक म्हणून शिक्षकाला मत असतंच. पण निलंबनाचा कागद घरी आल्यावर माझं न पटणं त्यांच्या कामाचं नाही.

बायकांचं थोडक्यात सांगते. याच विषयावर एखादी बाई लिहिते तेव्हा तिच्या मताला उत्तर येत नाही, तिच्या फोटोला आणि चारित्र्याला येतं. माझ्याकडे अशी कुणी आली तर मी तिला लिहू नकोस म्हणत नाही. खातं आधी बंदिस्त करायला सांगते, आणि पहिली घाण कमेंट आली की तारीख-वेळ-खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवून त्याच दिवशी तक्रार द्यायला लावते.

आता भावाचं. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या प्रकरणांबद्दल विचारतात. तुमच्यावर काही दाखल झालं म्हणून तो अपात्र ठरत नाही. पण त्यानं तुमची पोस्ट स्वतःच्या फोनवरून पुढं पाठवली, खाली कुणाला शिवी दिली, किंवा त्या १२६ च्या यादीत त्याचंही नाव गेलं, तर ते त्याचं स्वतःचं प्रकरण झालं. म्हणून त्याला आधीच सांगा: या विषयावर त्यानं लाईक, कमेंट, फॉरवर्ड काहीही करायचं नाही, तुमची बाजू घ्यायलासुद्धा नाही. शक्य असेल तर भरती होईपर्यंत त्यानं गावच्या ग्रुपमधून बाहेरच पडावं. आणि कधी काळी त्याच्यावर काही दाखल झालंच तर फॉर्ममध्ये ते लपवू नये. २०१६ च्या अवतार सिंग निकालानंतर लपवणं हे स्वतंत्र कारण धरलं जातं. किरकोळ गुन्हा माफ होऊ शकतो, पण लपवलेला किरकोळ गुन्हाही नोकरी घालवू शकतो.

आणि तुम्हाला ठाण्यातून फोन आला तर? फोनवर वाद घालू नका, ‘लेखी नोटीस द्या, मी हजर होतो’ एवढंच म्हणा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस हातात मिळाली पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. मिळाल्यावर मात्र दिलेल्या वेळी वकिलासोबत जाच, न जाणं हेच अटकेचं कारण होतं. सोबत तुमच्या मेसेजची अख्खी चर्चा न्या, आधीच्या आणि नंतरच्या मेसेजसकट, म्हणजे बहिष्काराचं आवाहन कुणी केलं आणि थांबवायला कोण बोललं ते एका नजरेत दिसेल. फोन जप्त करायचा म्हणाले तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनची ओळख पटवणारा नंबर, लिहून घ्यायला लावा आणि पावती मागा. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की परत यायला महिने लागतात, म्हणून दुकानाचा हिशेब, ग्राहकांचे नंबर आणि यूपीआयचं खातं त्या एकाच फोनवर ठेवू नका; ही सोय पोस्ट टाकायच्या आधी करा. आणि काहीही झालं तरी फोन फॉरमॅट करू नका, ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा त्याच चॅटमध्ये आहे.